वाकडं पाऊल आणि टायफसचा ताप : १८५३ सालच्या ‘रूथ’ची गोष्ट

आज औषधांबद्दल नाही, एका जुन्या इंग्रजी कादंबरीबद्दल लिहितोय. पण ही कादंबरी डॉक्टरांनी वाचावी अशी आहे, आणि तेरा ते एकोणीस या वयातली मुलगी ज्यांच्या घरात आहे अशा आईवडिलांनी तर नक्कीच. कादंबरीचं नाव ‘रूथ’, लेखिका एलिझाबेथ गॅस्केल, प्रकाशन जानेवारी १८५३. सोळाव्या वर्षाच्या आसपासची एक अनाथ मुलगी, तिला लग्नाआधी गेलेले दिवस आणि तिला आपल्या घरात ठेवून घेणारा एक ख्रिस्ती धर्मोपदेशक, असा तिचा विषय.

कुमारवयातलं गरोदरपण म्हटलं की लोकांना वाटतं, ही मोबाइलनं आणलेली नवी भानगड. तसं नाही. ती जुनी आहे आणि त्यावरच्या गोष्टीही जुन्या आहेत. या गोष्टी मी डॉक्टर म्हणून वाचतो तेव्हा एक खूण सारखी दिसते. शेवटी कुणाला तरी जावंच लागतं. आई मरते, नाहीतर बाळ मरतं, नाहीतर बाळ दुसऱ्याच्या घरी जातं. दोघंही एका छपराखाली, धडधाकट, जेवूनखाऊन राहिलेत असं पान क्वचित सापडतं. ‘रूथ’च्या मधल्या भागात ते सापडतं, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

आधी लेखिकेबद्दल. एलिझाबेथ गॅस्केल मँचेस्टरमध्ये राहायच्या. त्यांचे पती विल्यम हे तिथल्या क्रॉस स्ट्रीट चॅपलचे धर्मोपदेशक. पंथ युनिटेरियन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचा. चार मुली होत्या. एक मुलगा होता, तो १८४५ साली वेल्समध्ये स्कार्लेट फीव्हरनं गेला, तेव्हा त्याचं वय वर्षभरही नव्हतं. (स्कार्लेट फीव्हर म्हणजे घशात स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग आणि अंगावर लाल पुरळ. आज आपण पेनिसिलिन गटातलं औषध देतो आणि मूल बरं होतं.) त्या दुःखातून मन बाहेर काढायला त्यांनी लिहायला घेतलं असं सांगतात. मँचेस्टर त्या वेळी कापडगिरण्यांचं शहर, आपल्या गिरणगावासारखंच, पण त्याहून घाणेरडं आणि गर्दीचं. गॅस्केल बाई गरीब वस्तीत, तुरुंगात जाऊन काम करायच्या.

तुरुंगातच त्यांना पासली नावाची सोळा वर्षांची मुलगी भेटली. ८ जानेवारी १८५० रोजी त्यांनी चार्ल्स डिकन्सला पत्र लिहून तिची हकीकत कळवली. डिकन्सलाच का, तर अशा मुलींसाठी लंडनजवळ युरेनिया कॉटेज नावाचं एक घर तो चालवत होता. मुलीचे वडील आयर्लंडमधले धर्मोपदेशक, ती लहान असतानाच वारलेले. आईनं दुसरं लग्न केलं आणि मुलीकडे पाठ फिरवली. मुलीला शिवणकामाच्या दुकानात उमेदवार म्हणून ठेवलं. ती आजारी पडली तेव्हा तिला तपासायला एक सर्जन आला, आणि त्यानंच तिला फसवलं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. फसवणारा कुणी सरदारपुत्र नव्हता, आजारी मुलीला तपासायला आलेला डॉक्टर होता. पुढे मुलीची घसरण होत गेली आणि ती चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात आली. तिथे एकदा नेहमीच्या सर्जनऐवजी दुसऱ्याला पाठवलं, आणि तो नेमका हाच निघाला. समोरासमोर येताच मुलगी बेशुद्ध पडली आणि त्याच्याही पायातलं बळ गेलं. त्याला त्या कामावरून काढून टाकलं, एवढीच शिक्षा. मुलीला मात्र देश सोडावा लागला. गॅस्केल बाईंनी खटपट करून तिला एका कुटुंबाबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या केपकडे जाणाऱ्या जहाजात बसवून दिलं.

यातून तीन वर्षांनी ‘रूथ’ आली. कादंबरीत फसवणारा डॉक्टर राहिला नाही, तो श्रीमंत घरातला बेलिंगहॅम नावाचा तरुण झाला. रूथ हिल्टन ही मिसेस मेसनच्या शिवणकामाच्या दुकानात रात्र रात्र जागून कपडे शिवणारी मुलगी. एका रविवारी ती त्याच्याबरोबर फिरताना मालकिणीला दिसते. मालकीण तिथल्या तिथे कामावरून काढते. जायला घर नाही. तो तिला आधी लंडनला, मग वेल्सला नेतो. तिथे तो तापानं आजारी पडतो, त्याची आई येते आणि मुलाला घेऊन जाते. रूथसाठी मागे पन्नास पौंड आणि सुधारगृहात जाण्याचा सल्ला. रूथ जीव द्यायला निघते. तिला अडवायला धावलेला थर्स्टन बेन्सन हा पाठीत कुबड असलेला धर्मोपदेशक वाटेत पडतो आणि वेदनेनं ओरडतो. तो आवाज ऐकून ती मागे वळते, कुणाला तरी मदत हवी आहे म्हणून.

ती गरोदर आहे हे तिथल्या डॉक्टरमुळे कळतं. बेन्सनची बहीण फेथ हादरून जाते, आणि रूथला आनंद झालाय हे पाहून तिला दुसरा धक्का बसतो. या मुलीला लाज कशी वाटत नाही? मला विचाराल तर सोळा वर्षांच्या, जगात कुणी नसलेल्या मुलीला आपलं असं कुणीतरी येणार याचा आनंद झाला तर त्यात नवल नाही. पोटातल्या बाळाबद्दल या वयातल्या मुलींना काय वाटतं हे आपण मोठी माणसं आधीच ठरवून टाकतो. कुणी घाबरलेली असते, कुणी बधिर, कुणी खूशही असते. विचारल्याशिवाय कळत नाही.

बेन्सन बहीणभाऊ तिला आपल्या गावी नेतात आणि गावात सांगतात की ही मिसेस डेनबी, लांबच्या नात्यातली विधवा. घरातली म्हातारी मोलकरीण सॅली हिला खरं काय ते बरोबर कळतं. ती कात्री घेऊन येते आणि विधवेची टोपी नीट बसावी म्हणून रूथचे लांब सुंदर केस कापून टाकते. मराठी वाचकाला हे पान वाचताना काय आठवतं ते सांगायला नको. पण तीच सॅली पुढे या पोरीवर जीव टाकते, ही लेखिकेची माणसांची ओळख.

आता खोटं बोलण्याचा प्रश्न. गॅस्केल बाईंना या खोट्याचा फार त्रास झालेला दिसतो. काही वर्षांनी ते उघडकीला येतं आणि बेन्सनना त्याची किंमत मोजावी लागते. ब्रॅडशॉ हा चॅपलमधला सर्वांत श्रीमंत माणूस, त्याच्याकडे रूथ मुलींना शिकवत असते, तो तिला आणि मुलाला शिव्याशाप देऊन हाकलतो आणि चॅपलला येणंही सोडतो. (त्याच ब्रॅडशॉचा मुलगा पुढे खोट्या सह्या करताना सापडतो, हा भाग वाचायला मजा येते.) धर्माच्या दृष्टीनं खोटं ते खोटंच. पण डॉक्टर म्हणून मी त्या खोट्याचा हिशेब वेगळा मांडतो. त्या खोट्यानं रूथला गरोदरपणातले महिने छप्पर दिलं, दोन वेळचं जेवण दिलं, जवळ बाईमाणूस दिलं, आणि बाळ आईपाशी ठेवलं. त्या काळात आईपासून तोडलेलं आणि दाई न मिळालेलं तान्हं मूल फार वेळा जगत नसे. बाटलीचं दूध उकळत नसत, वर रडू नये म्हणून गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचं अफूयुक्त औषध पाजत. पैसे घेऊन अशी मुलं ‘सांभाळणाऱ्या’ बायकांचा धंदाच होता. त्यातल्या मार्गारेट वॉटर्सला १८७० साली फाशी झाली आणि त्यानंतर १८७२ मध्ये तान्ह्या मुलांच्या संरक्षणाचा कायदा आला. रूथचा लिओनार्ड यातून वाचला तो बेन्सनांच्या खोट्यामुळे.

कायदा तरी तिच्या बाजूनं होता का? १८५३ साली इंग्लंडमध्ये संमतीवयाची मर्यादा होती १२ वर्षं. ती १८७५ मध्ये १३ झाली आणि १८८५ मध्ये १६. म्हणजे कायद्याच्या नजरेत रूथ जाणती बाई होती. १८३४ च्या गरीब कायद्यानं अनौरस मुलाची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे आईवर टाकली होती, कारण काय, तर मुली ‘सावध’ राहतील. १८४४ मध्ये त्यात थोडी दुरुस्ती झाली आणि आईला बापाकडून पैसे मागायला स्वतः न्यायाधीशापुढे जाता येऊ लागलं. आपल्याकडे काय होतं तेही सांगून ठेवतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ही मर्यादा १० वर्षं होती, आणि १८९१ मध्ये ती १२ करताना पुण्यात केवढं वादळ उठलं ते आपण शाळेत वाचलंय.

या पुस्तकाला लोकांनी कसं घेतलं? गॅस्केल बाईंच्याच चॅपलमधल्या दोघांनी पहिला खंड जाळला. तिसऱ्यानं बायकोला वाचायची बंदी केली. ही माणसं दर रविवारी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसणारी. लंडनमधल्या एका वाचनालयानं कुटुंबात वाचण्याजोगं नाही म्हणून पुस्तक काढून घेतलं. बाई आजारी पडल्या आणि या दुखण्याला त्यांनी ‘रूथ-ताप’ असं नावच दिलं.

आणि आता सर्वांत गंमतीची गोष्ट. गॅस्केल बाईंच्या स्वतःच्या घरातही मुलींना हे पुस्तक परस्पर वाचायची परवानगी नव्हती. थोरल्या मेरिअनबरोबर कधीतरी निवांत वेळ काढून आपण ते वाचू असं त्यांनी पत्रात लिहिलंय. मेरिअन तेव्हा अठरा वर्षांची होती! म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीवर काय गुदरतं हे ज्या पुस्तकात आहे, ते सोळा वर्षांच्या मुलीनं वाचायचं नाही. यात मी बाईंना हसत नाही. उलट, ‘मी तुझ्याबरोबर बसून वाचीन’ म्हणणारी आई मला आजही दुर्मीळ वाटते. बहुतेक घरांत या विषयाचं पान आलं की टीव्हीचं चॅनेल बदलतं.

आता शेवट. गावात टायफसची साथ येते. रूथ तोवर गरिबांच्या घरी आजाऱ्यांची सेवा करणारी म्हणून ओळखली जाऊ लागलेली असते. ती इन्फर्मरीच्या तापाच्या वॉर्डात राहायला जाते, जिथे जायला कुणी तयार नसतं. लोक दुवा देतात. ती साथीतून सुखरूप बाहेर पडते, आणि मग कळतं की बेलिंगहॅम, जो आता नाव बदलून डॉन झालाय आणि निवडणुकीला उभा राहिलाय, तोही तापानं फणफणलाय. मधल्या काळात त्यानं लग्नाची मागणी घातलेली असते आणि तिनं ती साफ नाकारलेली असते. तरी ती त्याची शुश्रूषा करायला जाते. तो वाचतो. तिला ताप येतो आणि ती मरते.

टायफस आणि टायफॉइड यांत लोकांचा गोंधळ होतो म्हणून दोन ओळी. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून होतो. साथीचा टायफस अंगावरच्या उवांमधून पसरतो, त्याचे जंतू रिकेट्सिया वर्गातले. खूप ताप, पुरळ आणि बडबड, भ्रम. उवांचा संबंध चार्ल्स निकोल यानं १९०९ मध्ये दाखवला, त्यामुळे रूथच्या काळातल्या परिचारिकेला आपल्याला हा आजार कसा लागतो हेच माहीत नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर जो स्क्रब टायफस दिसतो तो याचा चुलतभाऊ, तो गवतातल्या बारीक किड्यांच्या चावण्यानं होतो. दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन चालतं. रूथ आज असती तर बहुधा वाचली असती.

पण ती टायफसनं मेलेली नाही, हे त्याच वेळी एका वाचक बाईनं ओळखलं होतं. शार्लट ब्राँटीला कादंबरीचा आराखडा आधीच कळला होता, आणि तिनं गॅस्केल बाईंना पत्रातून विचारलं की हिला मारायचं कशाला? (याच ब्राँटीनं ‘रूथ’ला आधी वाचक मिळावेत म्हणून आपली ‘विलेट’ थोडी मागे ठेवली. पुढे १८५५ मध्ये ती स्वतः गरोदरपणाच्या सुरुवातीलाच वारली. दाखल्यावर क्षय लिहिलंय, पण गरोदरपणातल्या असह्य उलट्या हे कारण आजचे बरेच जण धरतात.) ब्राँटीच्या प्रश्नाचं उत्तर असं की रूथ मेली तरच वाचकाला तिच्यासाठी रडता येत होतं. जिवंत रूथ रविवारी शेजारच्या बाकावर येऊन बसली असती, आणि तिथेच तर अडचण होती. गॅस्केल बाईंनी त्या काळाच्या मानानं फार मोठी क्षमा दिली, पण ती रूथच्या थडग्याशी दिली.

आता त्या मधल्या भागाकडे मी डॉक्टरच्या नजरेनं पुन्हा येतो. कुमारवयातलं गरोदरपण धोक्याचं का? पंधराच्या आतल्या मुलीच्या कंबरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, बाळंतपण अडू शकतं. पहिलटकरणीला रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्पसिया, झटके येण्याचा धोका तसाही जास्त, या वयात आणखी. वाढीच्या वयात लोह मुळातच कमी असतं, त्यात गरोदरपण. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की आपण अ‍ॅनिमिया म्हणतो, या मुलींचं कधी कधी ७-८ सापडतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं. जगभरात १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत गरोदरपण आणि बाळंतपण आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत या धोक्याचा मोठा वाटा वयाचा नसून उशिराचा असतो. या वयात पाळी अशीतशीच अनियमित असते, त्यामुळे चुकलेली पाळी कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आली तरी मुलगी सांगत नाही. सैल कपडे घालते. पित्त झालंय म्हणते. जिथे तिसऱ्या महिन्यात रक्त-लघवी तपासून, रक्तदाब बघून, लोहाच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात, तिथे ती सातव्या महिन्यात येते, कधी थेट कळा सुरू झाल्यावर. जॉर्ज एलियटच्या ‘अ‍ॅडम बीड’ (१८५९) मधली हेटी शेवटपर्यंत कुणाला सांगत नाही, एकटी वाट तुडवत राहते आणि बाळाला रानात टाकून येते. तिला फाशीची शिक्षा होते, ती ऐन वेळी हद्दपारीवर निभावते. तुरुंगात तिच्याजवळ रात्रभर बसते ती एक मेथॉडिस्ट प्रचारक बाई. हेटी आणि रूथ यांच्यात फरक काय? एकीला गरोदरपणात घर मिळालं, दुसरीला नाही. दोघींचा ‘गुन्हा’ तोच.

मुलींना वाचू द्यायचं की नाही हा प्रश्न शंभर वर्षांनी अमेरिकेत वेगळ्या रूपात आला. तिथे १९५७ साली १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे ९६ बाळंतपणं होत होती. हा त्या देशाचा उच्चांक. बहुतेक मुली लग्न झालेल्या, बरीच लग्नं घाईघाईनं उरकलेली. ज्यांचं लग्न झालं नाही त्यांना दूरच्या गावी ‘मावशीकडे’ पाठवत, म्हणजे खरं तर प्रसूतिगृहात. अशी घरं ख्रिस्ती धर्मादाय संस्था चालवत. फ्लॉरेन्स क्रिटेंटन नावाची साखळी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली ती एका व्यापाऱ्यानं वारलेल्या लहान मुलीच्या नावानं. सुरुवातीच्या काळात या घरांचा आग्रह होता की आई आणि बाळ एकत्र राहावेत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे उलटं झालं. मुलीनं बाळंत व्हायचं, बाळ दत्तक द्यायचं, घरी येऊन काही झालंच नाही असं वागायचं. १९७३ पर्यंत अशी सुमारे १५ लाख बाळं दिली गेली असा अंदाज आहे. त्यातल्या कित्येक आयांनी साठीत गेल्यावर सांगितलं की ते बाळ आम्ही कधी विसरलोच नाही.

पौगंडवयीन मुलांसाठी म्हणून वेगळ्या कादंबऱ्या निघू लागल्या त्या साधारण याच सुमाराला. १९६७ ची ‘मिस्टर अँड मिसेस बो जो जोन्स’ शाळकरी मुलींनी अधाशासारखी वाचली. त्यात सोळा-सतराची दोघं लग्न करतात, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं होऊन मरतं. ख्रिस्ती प्रकाशकांनी स्वतःच्या मालिका काढल्या. रॉबिन जोन्स गन यांची ‘क्रिस्टी मिलर’ मालिका १९८८ मध्ये सुरू झाली. चौदा वर्षांची साधी मुलगी, प्रार्थना, मैत्रिणी, समुद्रकिनारा. तिच्यात अलिसा नावाची मैत्रीण गरोदर राहते आणि बाळ दत्तक जातं. फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या १९९७ च्या कादंबरीत बायबल कॉलेजात शिकणाऱ्या मुलीवर बलात्कार होतो, आणि तिच्या गरोदरपणामुळे आई व आजी यांनी आयुष्यभर दाबून ठेवलेल्या गोष्टी बाहेर येतात. या पुस्तकांचा धार्मिक निष्कर्ष काय तो ज्याचा त्यानं बघावा. मला त्यात नोंदवण्याजोगं वाटतं ते हे की नायिका आता मरत नाही. आणि ज्या मुलीबद्दल लिहिलंय त्याच वयाच्या मुलीच्या हातात पुस्तक पडतं, चर्चच्या दुकानातून, आईच्या पैशांनी. मेरिअन गॅस्केलपेक्षा ही खूपच पुढची पायरी आहे.

मात्र गोष्टीनं शरीराचं ज्ञान मिळत नाही. १९९३ पासून तिथे चर्चमधून लग्नापर्यंत संयमाची शपथ घेण्याची मोहीम चालली. त्यावर झालेला २००१ चा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध आहे. शपथ घेतलेल्या मुलामुलींचा पहिला संबंध काही परिस्थितींत सरासरी दीड वर्षानं लांबला, हे खरं. पण ज्यांची शपथ मोडली त्यांनी गर्भनिरोधक वापरण्याचं प्रमाण कमी होतं. हे समजायला अवघड नाही. निरोध खिशात ठेवणं म्हणजे शपथ मोडायची आधीच तयारी केल्यासारखं वाटतं ना! तिथला दर आता हजारी १३ च्या आसपास उतरलाय, आणि अभ्यासक त्याचं मोठं श्रेय गर्भनिरोधकांच्या वापराला देतात.

‘रूथ’नंतर चारच वर्षांनी, १८५७ मध्ये, मराठीत अशीच एक ख्रिस्ती कादंबरी आली, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. बाबा मूळचे बेळगावचे, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव पाठ करतो, वाचत कुणी नाही. तिचा विषय विधवांची स्थिती. आता विधवा म्हटलं की डोळ्यांपुढे म्हातारी येते. पण आठव्या-नवव्या वर्षी लग्न होत असेल तर विधवा ही पुष्कळदा तेरा-चौदा वर्षांची पोर असे, आणि तिला दिवस गेले की ते घरातल्याच कुणापासून असत. बाबांची यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. ती जगते! आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता, त्याचा हा साहित्यातला पडसाद.

कादंबरीबाहेर मात्र पुण्यातल्या गरोदर विधवेपुढे विहीर किंवा गावठी औषध हेच पर्याय होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप या, बाळंत व्हा, बाळ न्यायचं तर न्या, नाहीतर इथे ठेवा. फुले ख्रिस्ती नव्हते, मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेले होते. बेन्सनांनी जे खोटं बोलून केलं ते या दोघांनी भिंतीवर जाहिराती लावून केलं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, त्याचं नाव यशवंत.

इथे कादंबरीतला एक धागा मी मुद्दाम मागे ठेवला होता. ‘रूथ’च्या शेवटाकडे गावातले सर्जन मिस्टर डेव्हिस रूथला सांगतात की मी स्वतःच अनौरस आहे, तुझ्या लिओनार्डला माझ्या हाताखाली दे, मी त्याला डॉक्टर करतो. पासलीला फसवणारा सर्जन कादंबरीतून गेला आणि त्याच्या जागी हा सर्जन आला. ही मला गॅस्केल बाईंची सर्वांत मोठी कल्पना वाटते. आणि पुण्यात ती खरी झाली. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यानं आणि सावित्रीबाईंनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. तिथे सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रूथसारख्याच, साथीच्या तापात. फक्त त्यांना कुणाची क्षमा मिळवायची नव्हती.

आजचं सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी त्याची गरज असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. बहुतेक लग्न झालेल्या, म्हणजे लवकर लग्न लावून दिलेल्या. त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहीत नाही, पण त्यांचं हिमोग्लोबिन तेवढंच कमी असतं.

मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, त्यात त्याची मर्जी चालत नाही. या भीतीनं पालक तिला भलत्याच ठिकाणी नेतात आणि तिथे जीव जातो. म्हणून हे लक्षात ठेवा. गर्भपात हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार, मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टर पोलिसांना कळवताना तिचं नाव-पत्ता उघड न करता कळवू शकतो. गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि अल्पवयीन मुलीसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं होऊ शकतो, पालकाची लेखी संमती लागते. बाळ ठेवायचं असेल तर पहिल्या भेटीपासून तपासण्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बाळ दत्तक द्यायचं असेल तर ते बाल कल्याण समितीमार्फतच, कुण्या ओळखीच्या जोडप्याला परस्पर नाही, आणि सही केल्यावरही विचार बदलायला आईला ६० दिवस असतात. कुणाशी बोलायचं सुचत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन रात्रंदिवस चालू असतो. यातलं काहीही करायला पाळी चुकल्यावर जितक्या लवकर याल तितके मार्ग जास्त उरतात. लघवीची साधी तपासणी पाच मिनिटांत होते, आणि त्यासाठी मुलीला आधी काही कबूल करावं लागत नाही.